22 मजल्यांची सावली

मी रूफटॉप सोलरच्या साईट सर्व्हेचं काम करते, म्हणजे टेप, खडू, डायरी घेऊन लोकांच्या गच्च्या चढायच्या. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही, आणि गच्चीची किल्ली ज्यांच्याकडे असते ते नेमके तेव्हाच बँकेत गेलेले असतात.

नोव्हेंबरातली गोष्ट. मुलुंड पूर्वेला एक जुनी सोसायटी, ग्राउंड प्लस 4, 20 फ्लॅट. सेक्रेटरी काकांनी फोनवरच सांगितलेलं, 10 किलोवॅट बसवायचंय मॅडम, ठराव पास झालाय. फाईल तर अशी बनवलेली की आमच्या ऑफिसातही नसते. पीएम सूर्यघर या केंद्राच्या रूफटॉप सोलर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 सबसिडी, म्हणजे एकूण 1 लाख 80 हजार, हे पेन्सिलीने मांडलेलं. त्याखाली मार्च 2022 मधल्या मुंबई क्लायमेट ॲक्शन प्लॅनचं कात्रण, 2050 पर्यंत शहर नेट झिरो करायचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच परत शोषला जायला हवा, या ओळीला लाल पेनाची रेघ. "देशाचं टार्गेट 2070 चं, आपलं 20 वर्षं आधी," असं काकांनी सांगितलं ते पण अशा थाटात की जणू प्लॅन त्यांनीच लिहिलाय. मला अशी माणसं आवडतात.

गच्ची बघून तर मी खूशच झाले. 1 किलोवॅटला साधारण 100 स्क्वेअर फूट लागतात, इथे टाकी सोडून हजारच्या वर आरामात निघत होते. पत्र्याची शेड पण नाही, नाहीतर तिच्या परवानगीचं वेगळंच रामायण असतं. रोजचे 40 युनिट सहज, पंप, जिन्याचे दिवे, लिफ्ट सगळं त्यात. मी आकडे लिहितेय आणि मग दक्षिणेकडे वळून बघितलं तर हिरवी जाळी. शेजारच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट. 9 स्लॅब पडलेले.

"किती मजले होणार काका?"

"बोर्डावर 22 लिहिलंय."

दुपारी बाराला सावली आमच्या कठड्याला टेकली होती. मी खडूने रेघ मारली आणि तिथेच बसून गणित केलं. डिसेंबरात मुंबईत भर दुपारी सुद्धा सूर्य क्षितिजापासून 47-48 अंशांवरच असतो. तो टॉवर आमच्या गच्चीपेक्षा 55 मीटर तरी उंच जाणार, म्हणजे सावली जवळजवळ 50 मीटर लांब, आणि मधलं अंतर जेमतेम 10. अकरा ते दोन, म्हणजे पॅनलच्या कमाईचे तास, तेव्हाच गच्ची काळोखात. मे महिन्यात प्रश्न नाही, शून्य सावली दिवस असतो ना तेव्हा, सूर्य डोक्यावर. जुलैअखेर तो परत डोक्यावर येतो पण तेव्हा वर ढग. म्हणजे आकाश स्वच्छ असतं त्याच हिवाळ्यात बोंब. आणि एका लाईनीत जोडलेल्या पॅनलपैकी दोन जरी सावलीत गेले तरी बाकीच्यांना पण खाली ओढतात.

हे काकांना कसं सांगायचं. सांगितलं. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "असं कसं, नियम असेल ना काहीतरी?" नियम आहेत हो, डीसीपीआर 2034, म्हणजे मुंबईची बांधकाम नियमावली, भलंमोठं पुस्तक आहे. एफएसआय किती, म्हणजे प्लॉटच्या मानाने बांधकाम किती, बाजूला मोकळी जागा किती, खोल्यांना उजेड-हवा, फायर ब्रिगेडची गाडी फिरायला जागा. शेजारच्या गच्चीवरचं ऊन त्यात कुठे मोजलेलं नाही. बिल्डरने काहीच चुकीचं केलेलं नाही, हेच जास्त त्रासदायक. त्याच्या होर्डिंगवर ग्रीन लिव्हिंग आणि ईव्ही चार्जिंग लिहिलेलं होतं ते सोडा. आणि त्या टॉवरची स्वतःची गच्ची? घरं चौपट, गच्ची जवळपास आमच्याएवढीच, त्यात टाक्या आणि लिफ्टची मशीन रूम. विमानतळाजवळच्या विलेपार्ल्यात विमानांच्या फनेलमुळे, म्हणजे त्यांच्या चढण्या-उतरण्याच्या मार्गामुळे, इमारतींच्या उंचीवर मर्यादा असते, लोक त्यावर चिडतात, पण माझ्या धंद्याला तीच बरी पडते!

खाली उतरताना तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी थांबवलं. त्यांना गॅस सोडून इंडक्शन घ्यायचंय, चालेल का? मीटर रूम बघितली, जिन्याखाली, जुन्या केबली. एका घराचं चालेल, पण वीसही घरांनी घेतलं तर सगळ्या बिल्डिंगचा लोड वाढवावा लागेल, ट्रान्सफॉर्मर मागितला तर ठेवायचा कुठे, आवारात एक स्कूटर वळत नाही. काकूंनी चहा दिला, तो गॅसवरचाच.

10 ऐवजी 4 किलोवॅटचं कोटेशन पाठवलं, उत्तरेकडच्या कोपऱ्यातलं, आणि हिवाळ्यातलं उत्पादन वेगळ्या रकान्यात स्पष्ट कमी दाखवून. संध्याकाळी काकांचा मेसेज आला. रविवारी जनरल बॉडी आहे, विषय क्रमांक 3 सोलर, विषय क्रमांक 4 आपल्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट.