गुळगुळीत भोपळा आणि बुळबुळीत मासा

जपानमधल्या क्योतोहून सागानो मार्गाच्या गाडीने हानाझोनो स्थानकावर उतरलो आणि थोडे चालून म्योशिन-जी या विस्तीर्ण झेन बौद्ध मठाच्या दक्षिण दरवाजाशी पोहोचलो. आत भिंतींमधून दगडी वाटा जातात. १४०४ साली स्थापन झालेला ताइझो-इन हा तिथला उपमठ मला पाहायचा होता, आणि खरे सांगायचे तर त्यातले एकच चित्र.

मूळ चित्र क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेले आहे, त्यामुळे मठात दिसते ती प्रतिकृती. हे ठाऊक असूनही क्षणभर हिरमुसलो. मात्र चंदनासारखी उगाळलेली काळी शाई आणि तिचे विरत गेलेले थर पाहताना तिच्यापुढे बराच वेळ गेला. नदीकाठी फाटक्या कपड्यांतला एक माणूस दोन्ही हातांत भोपळा धरून उभा आहे आणि समोर पाण्यात मिशाळ मांजरमासा आहे. गुळगुळीत भोपळ्याने बुळबुळीत मासा कसा धरावा, हे कोडे आशिकागा घराण्यातला चौथा शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी शासक, योशिमोची याचे. त्याच्या आज्ञेवरून जोसेत्सु या भिक्षूने १४१५ च्या सुमारास हे चित्र काढले आणि एकतीस झेन भिक्षूंनी त्यावर कविता लिहिल्या. मुळात हे सारे शोगुनच्या आसनाजवळच्या एका लहान पडद्यावर होते: एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला कविता. पुढे दोन्ही एकाच लटकत्या पटावर आल्यामुळे आज कवितांचा भार चित्राच्या डोक्यावर बसला आहे, आणि मला तो जरा जाचतोच. पण जोसेत्सुने हे चित्र ‘नव्या पद्धतीने’ काढल्याची नोंद त्याच कवितांच्या प्रस्तावनेत असल्याने तक्रार करणेही अवघड.

जोसेत्सु शोगुन घराण्याने उभारलेल्या शोकोकु-जी मठातला. त्याचा शिष्य मानला जाणारा शूबुन त्याच मठाचा कारभारही पाही आणि शोगुनसाठी चित्रेही काढी. पुढे १४६३ मध्ये शोगुनचा चित्रकार म्हणून शूबुनला मिळणारे वेतन ओगुरी सोतान या भिक्षूला मिळाले. चित्रकार भिक्षूच असायचा, ही रीत मोडली ती सोताननंतर शोगुनचा चित्रकार झालेल्या कानो मासानोबुने, कारण तो भिक्षू नव्हता. त्याचा मुलगा मोतोनोबु याने तर मोठी चित्रशाळाच चालवली. सुलेखनातल्या ‘शिन’, ‘ग्यो’ आणि ‘सो’ या तीन शैली, म्हणजे रेखीव, काहीशी सैल आणि मोकळी, त्याने कुंचल्याच्या कामासाठी पक्क्या केल्या, त्यामुळे शाळेतल्या अनेक हातांनी केलेले कामही एकाच घराचे वाटे. शोगुन, मठ आणि राजदरबार यांच्याबरोबरच चित्रे काढलेले हातपंखे विकत घेणारे धनिक नागरिकही आता त्याचे आश्रयदाते होते.

ताइझो-इनमध्ये मोतोनोबुनेच रचलेली समजली जाणारी एक कोरडी बाग आहे. खडक, रेती आणि मागे सदाहरित झाडे. पाण्याचा थेंब नाही, तरी प्रवाह कुठून आला आणि कोणत्या खडकाला वळसा घालून गेला ते स्पष्ट कळते. चित्रे काढून थकलेल्या माणसाने काठीने रेतीत रेघ ओढावी तसे ते वाटले. परतताना पुन्हा प्रतिकृतीपाशी थांबून कविता मोजू लागलो. एकोणीसपर्यंत पोहोचलो आणि नजर परत खाली, त्या भोपळ्याकडे गेली.