तुम्ही विचारलंत म्हणून: मगरीला सुई का नाही मारत?

बडोद्यात दांडिया बाजारात कुणाकडेही हळदीकुंकवाला गेले की वाण हातात पडायच्या आधीच सुरू, "अगं तू त्या मगर पकडणाऱ्यांबरोबर जातेस ना, मग एक सुई मारून झोपवत का नाही तिला, पाच-सहा जणांनी दोर घेऊन झटायचं कशाला?" मी गुरांची डॉक्टर, रेस्क्यूला बोलावलं तर जाते, आणि हे उत्तर देता देता माझा चहा दरवेळी थंड होतो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

पिक्चरमधल्यासारखं डार्ट लागला की धपकन पडला असं बिबट्याचंही होत नाही हो. केटामाइन-झायलॅझिन ही गुंगीची औषधं दिली तरी दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि गच्चीवरून लोक ओरडत असतील तर घाबरलेल्या जनावराचं अॅड्रिनलिन झायलॅझिनला दाद देत नाही, तो उठून चालायला लागतो. पण बिबट्याचं अंग निदान स्वतःच्या ऊबेवर चालतं. मगरीचं चालतं उन्हावर. थंडीत सकाळी दिलेला डोस अंगात नुसता पडून राहतो, काहीच होत नाही म्हणून कुणी घाईने दुसरा दिला की ऊन चढल्यावर दोन्ही एकदम चढतात, आणि मग उतरायला किती तास लागतील सांगता येत नाही. तेवढ्यात ती गुंगीत विश्वामित्री नदीत घसरली तर बुडून मरते. मगर बुडते म्हटलं की सगळ्याजणी हसतात! अहो, श्वास तीही फुफ्फुसांनीच घेते.

त्यात पाठीवर हाडांच्या ढाली, सुई शिरणार कुठे. गॅलामाइन नावाचं एक औषध मगरींना देतात, त्याने स्नायू लुळे पडतात पण तिला सगळं कळत असतं, दुखतंही. मला ते नको वाटतं.

त्यापेक्षा दोर बरा. फास टाकायचा, डोळ्यांवर ओलं पोतं, अंधार झाला की ती बरीचशी निवते, मग मागून बसून जबडा बांधायचा. जबडा मिटायची ताकद राक्षसी पण उघडायची अगदीच कमी, साधी चिकटपट्टी पुरते, फक्त टोकाच्या नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या. जखम शिवायची असेल तर तेवढ्यापुरतं लिग्नोकेन, म्हणजे तेवढीच जागा बधिर करणारं औषध. आणि हे सगळं झटपट, कारण फार वेळ झुंजली की रक्तात लॅक्टिक अॅसिड साचतं, त्याने ती मरूही शकते; वरून बघणारा म्हणतो "बघा कशी गप्प झाली" आणि मला तेव्हाच धडकी भरते.

२०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरांच्या मागे पाचेक फुटांची मगर येऊन बसली होती, आणि अख्खी सोसायटी मोबाईलचे टॉर्च मारत उभी. वनखात्याची माणसं दोर घेऊन तयार, मी ओरडून ओरडून लाईट बंद करायला लावले, पण पोतंच नव्हतं. शेवटी तळमजल्यावरच्या एक आजी आत गेल्या, पिंपात गहू ओतून रिकामं पोतं घेऊन आल्या, मी ते पुराच्याच पाण्यात बुचकळून दिलं आणि चार-पाच मिनिटांत काम झालं.

जाताना आजी म्हणाल्या, "डॉक्टर, पोतं धुऊन परत पाठवा हं, नीट शिवलेलं आहे." पाठवलं.