एकाच ग्लुटामेटचे वेगवेगळे नियम

ठाण्यात नौपाड्याला मी बारावीच्या जीवशास्त्राची शिकवणी घेते. मेंदूच्या पेशी संदेश देण्यासाठी आणि स्मृती घडवण्यासाठी ग्लुटामेट हे रसायन वापरतात, असे शिकवत असताना तेथे एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, चायनीजच्या गाडीवरच्या अजिनोमोटोत ग्लुटामेटच असते ना? मग ते खाऊन स्मरणशक्ती का वाढत नाही?" आहारातले बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरतात आणि रक्तात उरलेले सहसा मेंदूत शिरत नाही. शिरले असते तरी उपयोग नव्हता, कारण स्मृतीचे खरे काम ते ज्या रिसेप्टरांवर (पेशीच्या पटलावरील संदेश घेणाऱ्या प्रथिनांवर) बसते त्यांच्यावर अवलंबून असते.

हिप्पोकॅम्पस या मेंदूतील स्मृतीशी निगडित भागातला मुख्य मार्ग डेंटेट जायरस, सीए३ आणि सीए१ या त्याच्या उपभागांतून जातो व प्रत्येक टप्प्यावर ग्लुटामेटच संदेश पोहोचवते. सीए३ कडून सीए१ कडे येणाऱ्या सायनॅप्सवर (दोन चेतापेशींच्या जोडावर) ग्लुटामेट बसताच एएमपीए प्रकारचे रिसेप्टर लगेच उघडतात. एनएमडीए या दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरच्या वाटेत मात्र मॅग्नेशियमचा आयन अडकलेला असतो आणि संदेश घेणारी चेतापेशी आधीच पुरेशी उद्दीपित झाली असेल तरच तो बाजूला होतो. ग्लुटामेट बसणे आणि पेशी उद्दीपित असणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या की कॅल्शियम आत शिरते आणि त्याच्या परिणामाने पटलावर आणखी एएमपीए रिसेप्टर येऊन तो सायनॅप्स बळकट होतो. असे दीर्घकाळ टिकणारे बळकटीकरण ब्लिस आणि लोमो या संशोधकांनी १९७३ मध्ये सशाच्या डेंटेट जायरसमध्ये नोंदवले होते. पुढे १९८६ मध्ये मॉरिस आणि सहकाऱ्यांनी एनएमडीए रिसेप्टर रोखले, तेव्हा उंदरांना पाण्याखालच्या लपलेल्या चौथऱ्याची जागा नीट शिकता आली नाही.

बहुतेक पुस्तके येथेच थांबतात, आणि मला ते अपुरे वाटते. डेंटेट जायरसमधून सीए३ कडे जाणाऱ्या मॉसी तंतूंच्या सायनॅप्सवरही बळकटीकरण होते, पण त्याला एनएमडीए रिसेप्टरची गरज नसते; तेथे प्रामुख्याने पाठवणारी बाजू बदलते आणि अधिक ग्लुटामेट सोडू लागते. त्याच सीए३ पेशीला शेजारच्या सीए३ पेशींकडून मिळणारे सायनॅप्स मात्र सामान्यतः एनएमडीएच्याच नियमाने बदलतात. पेशी एक, रसायन एक, नियम दोन!

"मग हे एनएमडीए रिसेप्टर जास्त उघडणारी गोळी काढली तर?" हा तिचा पुढचा प्रश्न. पण कॅल्शियम मर्यादेबाहेर आत आले तर पेशी मरतात. पक्षाघातात हानी वाढण्याचे ते एक कारण मानले जाते. अल्झायमरच्या रुग्णांना दिले जाणारे मेमँटिन तर उलट एनएमडीए रिसेप्टरची वाट अडवते.