डिसर्टेशन नोंद 6 : ए-स्टार हरला नव्हता, मी त्याला हरवलं होतं

मागच्या नोंदीत मोठ्या दिमाखात टाकलेला आलेख विसरा, गेममधल्या पात्रांना वाट शोधून देणाऱ्या दोन पद्धतींना लागणाऱ्या वेळेचा. फ्लो फील्डची रेघ जमिनीला चिकटलेली आणि ए-स्टारची आभाळाला टेकलेली, तोच तो. आकडे खोटे नव्हते, पण मला वाटत होतं ते मोजतच नव्हते. तीन आठवडे ही भानगड निस्तरण्यात गेले.

नवीन मंडळींसाठी विषय थोडक्यात सांगतो. गेममध्ये शेकडो पात्रं एकाच ठिकाणी निघाली की दोन वाटा असतात. प्रत्येक पात्रासाठी स्वतंत्र मार्ग शोधायचा, हा ए-स्टार. किंवा नकाशाच्या प्रत्येक घरात 'इथून पुढचं पाऊल कुठल्या दिशेला' हे एकदाच लिहून ठेवायचं, हे फ्लो फील्ड. ए-स्टार 1968चा, हार्ट, निल्सन आणि राफेल या तिघांचा. तो निघाला शेकी नावाच्या रोबोटच्या कामातून, गेमवाल्यांनी तो नंतर उचलला. फ्लो फील्डचं गेममधलं नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे 2010चा 'सुप्रीम कमांडर 2'.

ए-स्टारचा खर्च पात्रांबरोबर वाढतो. फ्लो फील्डचं तसं नाही. 512 बाय 512च्या नकाशात 2,62,144 घरं. मुक्कामापासून उलट्या दिशेने डायक्स्ट्रा (सर्वांत कमी खर्चाच्या वाटा शोधणारा अल्गोरिदम) चालवून ती सगळी भरायची, मग चालणारं पात्र एक असो की हजार. मात्र मुक्काम बदलला की नवं फील्ड. म्हणजे दोन्ही रेघा कुठेतरी एकमेकींना छेदणार. तो छेदबिंदू कुठे येतो, आणि मोकळं मैदान सोडून चक्रव्यूहासारख्या नकाशात गेलं की तो किती सरकतो, एवढाच माझा प्रश्न आहे. सुरुवातीचं शीर्षक होतं 'आधुनिक गेममधील मार्गशोधनाचा अभ्यास'. गाईड मॅडमनी ते वाचून एकच विचारलं, "यात तुझं म्हणणं चुकीचं ठरायची काही सोय आहे का?" नव्हती. शीर्षक त्याच दिवशी गेलं.

आता भानगड. प्रोफायलर (कोडमध्ये वेळ आणि मेमरी कुठे जाते ते दाखवणारं साधन) उघडला तो खरं तर प्रबंधात लावायला एक छानसा स्क्रीनशॉट हवा होता म्हणून. पाहतो तर ए-स्टारच्या प्रत्येक कॉलला मेमरीचा ढीग. दर शोधाला नवी यादी, नवी डिक्शनरी, आणि काम झालं की सगळं कचऱ्यात. सी-शार्प भाषेचा गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी साफ करणारा) मध्येच झाडू घेऊन येणार आणि त्या फ्रेमचा बट्ट्याबोळ होणार. फ्लो फील्डमध्ये मात्र सगळे अ‍ॅरे (मेमरीतले कप्पे) एकदाच घेतलेले, कारण ते मी नंतर लिहिलं, तोवर थोडी अक्कल आली होती. म्हणजे तुलना दोन अल्गोरिदमची नव्हतीच. जुना मी विरुद्ध नवा मी, असा सामना चालू होता.

ए-स्टार पुन्हा लिहिला. बायनरी हीप (सर्वांत स्वस्त घर चटकन वर काढून देणारी रचना), आणि अ‍ॅरे सुरुवातीलाच घेऊन ठेवलेले. एक युक्ती खास सांगण्यासारखी आहे. प्रत्येक शोधाआधी अडीच लाखांवर घरं कोरी करण्यात वेळ घालवायचा नाही. दर शोधाला एक चढता क्रमांक द्यायचा आणि घराला हात लागला की त्यावर तो क्रमांक टाकायचा. क्रमांक जुना दिसला तर घर कोरं समजायचं. चार ओळींचा कोड आहे, पण जवळच्या मुक्कामाच्या शोधांत फरक डोळ्यांना दिसतो.

आता न्याय झाला असं वाटलं, म्हणून मार्गांची लांबी पडताळायला घेतली. नेथन स्टर्टेव्हंट यांच्या मूव्हिंग एआय संग्रहात गेममधल्या नकाशांबरोबर तयार प्रश्नसंच मिळतात. आरंभ, मुक्काम आणि सर्वांत लहान मार्गाची लांबी, सगळं दिलेलं असतं. माझे काही मार्ग त्या लांबीपेक्षा मोठे आले. ठीक, चूक असेल. पण काही लहान आले! सर्वांत लहानापेक्षाही लहान. पाच मिनिटं मला आपण काहीतरी शोध लावलाय असं वाटत होतं, हे कबूल करतो.

लहान येण्याचं कारण साधं होतं. माझी पात्रं भिंतीचा कोपरा कापून तिरकी जात होती. त्या संचात तिरकं पाऊल तेव्हाच चालतं जेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंची सरळ पावलंही मोकळी असतात. मोठ्या मार्गांचं दुखणं जरा खोल निघालं. ए-स्टार मुक्काम अजून किती दूर आहे याचा अंदाज बांधत पुढे जातो. माझ्याकडे आठ दिशांना चालायची मुभा, आणि अंदाज मात्र मॅनहॅटन अंतराचा, म्हणजे फक्त आडव्या-उभ्या पावलांचा. एका तिरक्या पावलाची खरी किंमत 1.414, मॅनहॅटन ती 2 धरतो. अंदाज खऱ्यापेक्षा फुगला की ए-स्टार घाईने मुक्कामाकडे धावतो आणि सर्वांत लहान मार्गाची हमी जाते. गंमत अशी की या चुकीमुळे तो बऱ्याचदा उलट वेगवान होत होता. एक चूक त्याला मागे ओढत होती, दुसरी पुढे ढकलत होती, आणि मी त्या दोघींची बेरीज आलेखात काढून मोकळा झालो होतो. आता ऑक्टाइल अंतर वापरतोय, त्यात तिरकी पावलंही त्यांच्या खऱ्या किमतीने धरतात. लांब्या जुळल्या, दशांशाच्या शेवटच्या अंकांतला किरकोळ फरक सोडून.

एफपीएसचे (सेकंदाला पडद्यावर किती फ्रेम, म्हणजे चित्रं, येतात त्याचे) आलेखही काढून टाकले. 900 वरून 450 वर घसरण म्हणजे फ्रेममागे 1.11 मिलिसेकंद, आणि 60 वरून 50 वर म्हणजे 3.33. डोळ्याला मात्र पहिलीच भयंकर वाटते. आता सगळीकडे मिलिसेकंद. सरासरीच्या जोडीला 99वं पर्सेंटाइल (100पैकी 99 फ्रेम ज्या वेळेच्या आत होतात ती वेळ), कारण खेळणाऱ्याला सरासरी जाणवत नाही, अडखळणं जाणवतं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते मॅडमच्या एका विचित्र सूचनेने. म्हणाल्या, एकच अल्गोरिदम दोन नावांनी चालव आणि स्वतःशीच स्पर्धा लाव. केलं. दुसऱ्या नावाचा प्रत्येक वेळी हरला! कोड तोच, नकाशा तोच, रँडम सीड (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) तोच. लॅपटॉप तापत होता. पहिल्या चाचणीने तो तापवायचा, प्रोसेसर वेग उतरवायचा आणि भोगायची दुसरी. माझ्या जुन्या यादीत दुसरा कोण होता? ए-स्टारच. आता क्रम दर वेळी चिठ्ठ्या टाकल्यासारखा बदलतो, मध्ये थंड व्हायला वेळ देतो, चार्जर लावलेला असतो, आणि चाचणी गेम बनवायच्या एडिटरमध्ये नाही, खेळणाऱ्याला जातो तशा रिलीज बिल्डमध्ये. दोन नावांतला फरक आता कधी इकडे, कधी तिकडे पडतो, आणि मला तेच हवं होतं.

जंप पॉइंट सर्च (मधली घरं ओलांडून उड्या मारत जाणारा ए-स्टारचा वेगवान प्रकार) का नाही, हे मागच्या वेळी दोघांनी विचारलं होतं. हॅराबोर आणि ग्रास्टियन यांची 2011ची ती पद्धत सगळ्या घरांची किंमत सारखी असली की भन्नाट चालते. माझ्या निम्म्या नकाशांत चिखल आणि रस्ता यांची किंमत वेगळी आहे, तिथे ती मूळ रूपात बसत नाही. म्हणून बाहेर ठेवली, आणि कारण मर्यादांच्या प्रकरणात लिहिलं. ते प्रकरण आधी दीड पानाचं होतं, आता नऊ पानांचं झालंय.

सगळ्या चाचण्या पहिल्यापासून पुन्हा चालू केल्या आहेत, म्हणून या वेळी आलेख नाही. लॅपटॉप टेबलावर उघडा आहे आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली आहे : 'चालू आहे. बंद करू नये. गेम तर अजिबात खेळू नये.'