कालचे पाय, आजचा चिखल

शनिवारी वाळूतली आणि रविवारी चिखलातली अशा लागोपाठ दोन सायक्लोक्रॉस शर्यती, असा बेत मी ठरवून केला होता. इथे बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये डिसेंबरात हे नवलाचं नाही. नाताळ ते नवं वर्ष या दिवसांत व्यावसायिक सायक्लोक्रॉसपटू एक दिवसाआड, कधी लागोपाठ दोन दिवस शर्यतीत उतरतात. १ जानेवारीला बाल गावातल्या शर्यतीला ताजे पाय घेऊन येणारे त्यांच्यात थोडेच असतात. दमलेल्या पायांनी ही माणसं चालवतात कशी, हे दोरीला टेकून मी पुष्कळ पाहिलंय. यंदा ते स्वतःच्या अंगावर घेऊन बघायचं होतं.

सायक्लोक्रॉस न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. अडीच-तीन किलोमीटरचा लॅप, म्हणजे एक फेरी. शेतं, कुरणं, झाडीतल्या वाटा, वाळू, आणि मध्ये ४० सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या आडव्या फळ्या. जिथे सायकल चालत नाही तिथे उतरायचं, ती उचलायची आणि पळायचं. जागतिक स्पर्धांत पुरुषांची शर्यत तासाभराची असते, बायकांची साधारण ५० मिनिटांची. आमच्यासारख्या हौशींची ४० मिनिटं. ऐकायला कमी वाटतात. पण त्यातलं एकही मिनिट विसाव्याचं नसतं.

शनिवारची शर्यत केंपेन भागात होती. तिथली जमीनच वाळूची. वाळूत पाय थांबवले की पुढचं चाक रुतलंच, त्यामुळे मांड्यांना सुट्टी अशी मिळतच नाही. संध्याकाळी गेंटला घरी परतल्यावर पोटभर वरणभात खाल्ला, वर अजून एक वाढी भात घेतला. तरी स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा पुरता भरायला एक दिवस तरी जातो, आणि माझ्या हातात तेवढा वेळ नव्हता.

रविवारची शर्यत आउडनार्डेच्या बाजूला. हा फ्लेमिश आर्डेन्सचा टेकड्यांचा भाग, कोपेनबर्गचा तो प्रसिद्ध दगडी चढ इथलाच. माती लोण्यासारखी मऊ, आणि रात्रभर पाऊस झालेला. मागच्या टायरमध्ये १.४ बार हवा ठेवली, पुढच्यात १.३.

रोलरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या यंत्रावर, अंग गरम करताना घड्याळात जे दिसलं त्यावरून दिवसाचा अंदाज आला. ठोके १५० च्या वर जाईनात, आणि धाप मात्र १७० असताना लागते तेवढी लागलेली. शरीर थकलेलं असलं की असं होतं. जोर लावल्याची जाणीव पूर्ण असते, पण हृदय त्या मानाने वर चढत नाही. मी घड्याळ काढून नवऱ्याच्या हातात दिलं. आज आकड्यांवर चालवण्यात अर्थ नव्हता.

शिट्टी झाली आणि पहिल्याच सरळ पट्ट्यावर बायका माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे गेल्या. सुरुवातीचा हा अर्धा मिनिट ताकदीचा असतो आणि ती ताकद माझ्याकडे आज नव्हती. मी मागे धरून राहिले. खरी शर्यत यानंतर सुरू झाली.

त्या मैदानात एक तिरपा उतार होता. उजवीकडे टेकडी, डावीकडे दरी नाही पण चांगली दोन पुरुष खोल घसरण, आणि मधून जेमतेम हातभर रुंदीची चाकोरी. ताजे पाय असले की इथे जोर लावून निघायचा मोह होतो. जोर लावला की मागचं चाक सटकतं. आज लावायला जोरच नव्हता. मी उजवा पाय पेडलमधून सोडवून टेकडीच्या बाजूला लोंबता ठेवला, ब्रेकवरची बोटं उचलली आणि सायकलला आपली वाट शोधू दिली. समोरच्या दोघी तिथे घसरून खाली दोरीपर्यंत गेल्या. मी वरून पार झाले. पुढच्या प्रत्येक लॅपला तेच केलं आणि प्रत्येक वेळी ते अधिक सफाईने झालं.

माझं म्हणणं असं की रस्त्यावरच्या शर्यतीत दमलेल्या पायांना वारा चुकवून दडायला फार तर दुसऱ्याचं मागचं चाक मिळतं. सायक्लोक्रॉसमध्ये दर दहा-पंधरा सेकंदांनी प्रश्न बदलतो. कुठे उतरायचं, कुठली वाट धरायची, वळणावर किती वेग सोडायचा. सोडलेला वेग परत कमवायला मांड्या खर्ची पडतात, म्हणून दमलेल्या माणसाने वेग सोडायचाच नाही, हाच त्या दिवशीचा हिशेब.

चढ मात्र कोणाला चुकत नाही. लॅपच्या शेवटी एक उभं कुरण होतं, पळत चढायचं. इथे मला कालची वाळू पुरेपूर जाणवली. सायकल थांबायच्या आधीच उतरायचं, हे मी सुरुवातीपासून पाळलं. अर्ध्यावर अडकून उतरलं की शून्यातून पळावं लागतं. उतरले, वाकून फ्रेममधून उजवा हात घातला, आडवी नळी खांद्यावर घेतली आणि त्याच हाताने हँडलची डावी मूठ धरली, म्हणजे चाक हलत नाही. डावा हात पळायला मोकळा. चिखलाने सायकल दोन-तीन किलोंनी तरी जड झालेली. पावलं लहान, टाचा वर, नजर दोन पावलांपुढे. पोटऱ्या पेटल्या होत्या. दोरीपलीकडून एक आजीबाई प्रत्येक लॅपला “कोमान! कोमान!” (चल, चल!) ओरडत होत्या, आणि खरं सांगते, त्यांच्या आवाजापर्यंत पोचायचं एवढंच मी ठरवत होते.

पिटमधून, म्हणजे सायकल बदलायच्या जागेवरून, नवरा ओरडला, “अगं, दोन्ही चाकं घासतायत, बदल!” मी ती सायकल त्याच्या हातात सोडून माझी दुसरी, जुनी सायकल घेतली. पुढच्या फेरीपर्यंत त्याने पहिली पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन तयार ठेवली होती. गोठलेल्या हातांनी तो हे करतो आणि निकालात त्याचं नाव कुठेही नसतं. म्हणून ते इथे लिहून ठेवते.

शेवटच्या लॅपला त्या कुरणाखाली माझ्यापुढे निळ्या जर्सीतली एक जण होती. ती चालवत राहिली, मी आधीच उतरले. निम्म्या चढावर तिची सायकल थांबली आणि मी बाजूने पळत वर गेले. माथ्यावर परत बसताना डावी मांडी वळली, क्षणभर पायच उचलेना, पण सीटवर बसले आणि उतार लागला. २०१७ साली लक्झेंबर्गमधल्या बीलेसला बेल्जियमच्या सान कांटने नेदरलँड्सच्या मारियाना फोसला शेवटच्या सरळ पट्ट्यावर मागे टाकून जगज्जेतेपद घेतलं होतं. माझी झुंज नवव्या जागेसाठी होती, पण मी तेवढीच जीव तोडून लढले आणि ती जागा मिळवली.

नंतर तंबूत गरम सूप आणि फ्रिट्स (बटाट्याचे तळलेले लांब तुकडे) घेतले, तिथे निळ्या जर्सीवालीने येऊन हात मिळवला. तिने आदल्या दिवशी विश्रांती घेतली होती म्हणे. तिने मला विचारलं ते एवढंच, की तू इतक्या लवकर का उतरत होतीस. मी तिला कुरणाचा उतार बोटाने दाखवत सगळं समजावलं आणि ती लक्ष देऊन ऐकत राहिली.

या बुधवारी सरावात वाळू नाही, फळ्याही नाहीत. फक्त टेकडी, खांद्यावर सायकल आणि पळणं, आणि डाव्या मांडीसाठी परत बसण्याच्या उड्या. पुढच्या शनिवार-रविवारच्या दोन्ही शर्यतींत मी नाव दिलंय.