मागचे संपले, पुढचे शिल्लक: स्पोर्ट्स कारला दोन ब्रँडचे टायर चालतात का?

मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या स्पोर्ट्स कारचे चारही टायर सहसा एकदम संपत नाहीत. मागची जोडी झिजेच्या खुणेला टेकते तेव्हा पुढची अजून निम्मी शिल्लक असते. त्यात हवा तो टायर त्या मापात मिळत नाही, किंवा ते मॉडेल बंद होऊन त्याची पुढची आवृत्ती आलेली असते. मग प्रश्न पडतो: मागे दुसऱ्या ब्रँडची जोडी टाकली तर चालेल का?

चालेल, पण अटींवर, आणि त्या अटींचा ब्रँडच्या नावाशी संबंध कमीच आहे. एकाच एक्सलवर (म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत) डावा आणि उजवा टायर वेगळा नको. इथे तडजोड नाही. ब्रँड, मॉडेल, माप, भाराचा आकडा, वेगाचं अक्षर, कार कंपनीची खूण आणि झीज, सगळं जुळलं पाहिजे. डाव्या-उजव्याची पकड वेगळी असली की जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारी यंत्रणा) असेल तर दोन चाकांच्या व्यासातल्या फरकामुळे आतल्या क्लचच्या चकत्या सरळ रस्त्यावरही घासत राहतात आणि तापतात. पुढे एक जोडी आणि मागे दुसरी, असं मात्र करता येतं. तिथे कसोटी एकच: जास्त पकड मागे हवी.

याचं कारण टायर वळतो कसा त्यात आहे. स्टिअरिंग फिरवलं की रबर आणि साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) आधी पिळले जातात. चाकाचं तोंड ज्या दिशेला आहे ती दिशा आणि चाक प्रत्यक्षात जातं ती दिशा यांत काही अंशांचा कोन पडतो. यालाच स्लिप अँगल म्हणतात, आणि वळणाची ताकद या कोनातूनच तयार होते. कडक साइडवॉलचा टायर थोड्याच कोनात पुरेशी ताकद देतो, मऊ टायरला जास्त कोन लागतो. आता पुढे कडक, चटकन प्रतिसाद देणारा टायर आणि मागे मऊ टायर अशी जोडणी समजा. स्टिअरिंग फिरवताच गाडीचं नाक आत घुसतं, मागचा भाग क्षणभर मागे राहतो, आणि मग झोल घेऊन येतो. वेगात एकदा डावीकडे आणि लगेच उजवीकडे जावं लागलं, तर दुसऱ्या हेलकाव्याला मागचा भाग सुटतो. माझ्या मते टायर मिसळण्याचा हा सगळ्यात वाईट प्रकार आहे, कारण कोरड्या रस्त्यावर रोजच्या वेगात तो जाणवतही नाही. उलट गाडी जास्त चपळ झाल्यासारखी वाटते.

याच्या उलट केलं, म्हणजे मागे जास्त पकड ठेवली, तर स्टिअरिंग किंचित सुस्त वाटेल आणि मर्यादेला गेल्यावर पुढची चाकं वळणाबाहेर सरकतील. हे चालकाला स्टिअरिंगमध्ये आधी कळतं. ॲक्सिलरेटर हलका केला की वजन पुढे येतं आणि गाडी परत ओळीवर येते. मागचा भाग सुटल्यावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर मात्र मागचं वजन आणखी कमी होतं आणि गाडी गिरकी घेते. इंजिन मधे किंवा मागे असलेल्या गाड्यांत हे जास्तच तीव्र असतं, कारण एकदा फिरू लागलेलं मागचं वजन थांबवायला टायरला कष्ट पडतात.

म्हणूनच नवी जोडी मागे जाते. पुढचे आणि मागचे टायर एकाच मापाचे असतील, जसे मझदा एमएक्स-५ किंवा टोयोटा जीआर ८६ वर असतात, तर पुढचे झिजल्यावरसुद्धा मागचे चांगले पुढे आणा आणि नवे मागे टाका. मागे रुंद आणि पुढे अरुंद टायर असलेल्या गाडीत ही सोय नाही. तिथे पुढची जोडी आधी संपली तर मागच्यांच्या खाचांची खोली मोजून पाहा. मागे ३ मिलिमीटरच्या आसपास उरलं असेल तर चारही बदला. नव्या टायरच्या खाचा साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असतात. पुढे ८ आणि मागे ३ अशा गाडीत पावसात पुढची चाकं पाणी कापत जातात आणि मागची पाण्यावर तरंगतात. रुंद टायरला हा धोका जास्त, कारण त्याला तेवढ्याच वेळात जास्त पाणी बाजूला सारायचं असतं. झिजेची खूण १.६ मिलिमीटरवर असते, पण रुंद टायरची पावसातली उपयुक्तता ३ च्या आसपासच संपत येते.

खोली कुठे मोजायची हेही नीट समजून घ्या. स्पोर्ट्स कारच्या मागच्या चाकांना बराच निगेटिव्ह कँबर असतो, म्हणजे चाक वरून आत झुकलेलं असतं. त्यामुळे आतली कड आधी झिजते. बाहेरून पाहिलं तर ४ मिलिमीटर दिसतात आणि आतली कड गोटा झालेली असते. गाडी लिफ्टवर घ्या आणि गेज सगळ्यात आतल्या खाचेत घाला. मग तळहात त्या कडेवरून आधी एका दिशेने आणि मग उलट फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे चाकाचं तोंड सरळ रेषेपासून आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन, बिघडलेला आहे. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) न करता नवी जोडी चढवली तर तीही तशीच खाल्ली जाईल.

आता नावाच्या घोळाकडे येऊ. एकाच ब्रँडचं, एकाच मॉडेलचं नाव असलेले दोन टायर आतून वेगळे असू शकतात. साइडवॉलवर कार कंपनीसाठी खास बनवल्याची खूण असते: पोर्शेसाठी एन० , एन१, एन२ असे आकडे, बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ किंवा आरओ१, फेरारीसाठी के ने सुरू होणारी खूण. त्या गाडीच्या वजनाला आणि सस्पेन्शनला जुळेल असा रबरचा मिश्रणप्रकार, आतलं कापड किंवा साइडवॉल यांत बदल केलेला असतो. एन० आणि एन१ हे एकाच टायरचे मंजुरीचे वेगवेगळे टप्पे आहेत, म्हणून ते एकमेकांत मिसळू नयेत असं पोर्शे सांगते. पिरेली पी झीरो हे नाव तर इतक्या वर्षांत इतक्या टायरांना दिलं गेलं आहे की नुसतं ‘पी झीरो द्या’ म्हणून भागत नाही. अगदी पीझेड४ पिढीतही स्पोर्ट्स कारसाठी एक नक्षी आणि मोठ्या सेडानसाठी दुसरी अशी विभागणी आहे. पुढे ताऱ्याच्या खुणेचा आणि मागे बिनखुणेचा टायर लावला तर नाव एक असूनही तुम्ही टायर मिसळलेलेच आहेत. उलट, एकाच वर्गातले दोन ब्रँड जास्त जवळचे निघू शकतात.

वर्ग हा शब्द इथे महत्त्वाचा. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एस, कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट ७, ब्रिजस्टोन पोटेंझा स्पोर्ट, गुडइयर ईगल एफ१ सुपरस्पोर्ट हे सगळे रस्त्यावरच्या वेगवान गाड्यांचे उन्हाळी टायर आहेत. यांतली एक जोडी पुढे आणि दुसरी मागे असली तर गाडीचा स्वभाव बदलेल, पण ती बेभरवशाची होईलच असं नाही. पायलट स्पोर्ट कप २, पी झीरो ट्रोफेओ आर किंवा योकोहामा ॲडव्हान ए०५२ हा वर्ग वेगळा, ट्रॅकचा. हे टायर कोरड्या, तापलेल्या डांबरावर गोंदासारखे चिकटतात. थंड असताना मात्र त्यांची पकड कमी असते, आणि कप २ सारख्या कमी खाचांच्या टायरला साचलेलं पाणी झेपत नाही. पुढे रस्त्याचे आणि मागे ट्रॅकचे टायर लावले तर कोरड्यात मागची पकड जास्त आणि पावसात तीच कमी. म्हणजे हवामानाबरोबर गाडीचा तोल उलटतो. हे मिश्रण करूच नका. उन्हाळी आणि ऑल-सीझन मिसळण्याचंही तसंच. ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी रबर कडक होऊ लागतं, आणि कोणत्या एक्सलची पकड आधी जाईल याचा भरवसा राहत नाही.

रन-फ्लॅटची साइडवॉल हवा गेल्यावर गाडीचं वजन पेलायला जाड आणि कडक केलेली असते, त्यामुळे तीही साध्या टायरबरोबर मिसळू नका. चारही रन-फ्लॅट काढून साधे लावणं शक्य आहे आणि गाडीची चाल बहुधा सुधारते. पण अशा गाडीत जादा चाक नसतं. पंक्चरसाठी सीलंट आणि छोटा कंप्रेसर डिकीत ठेवावा लागेल.

माप वाचताना २४५/३५ झेडआर १९ (९३वाय) ही ओळ घ्या. २४५ मिलिमीटर रुंदी, साइडवॉलची उंची त्याच्या ३५ टक्के, रिम १९ इंचाची. ९३ म्हणजे एका टायरवर ६५० किलो भार. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर, आणि आकडा व अक्षर कंसात असेल तर त्याहूनही जास्त. भार आणि वेग मूळ टायरपेक्षा कमी कधीच घेऊ नका. कागदावरचा व्यास काढायचा तर १९ गुणिले २५.४ म्हणजे ४८२.६, त्यात साइडवॉलची उंची दोनदा, म्हणजे १७१.५ मिळवा. एकूण ६५४ मिलिमीटर.

प्रत्यक्षात दोन ब्रँडच्या २४५ मध्ये काही मिलिमीटरचा फरक सहज निघतो, रुंदीतही आणि व्यासातही. खांदा एकाचा गोल तर दुसऱ्याचा चौकोनी असतो. चौकोनी खांद्याचा टायर स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर चाकावरच्या कमानीतल्या लायनरला (आतल्या अस्तराला) घासू शकतो. त्यामुळे उत्पादकाच्या तक्त्यातून त्या नेमक्या मॉडेलचा व्यास, मोजलेली रुंदी आणि ती कोणत्या रिमवर मोजली हे तीनही आकडे पाहा.

चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत व्यासाचा हिशेब आणखी बारकाईने करावा लागतो. टायर ८ मिलिमीटरवरून ५ वर आला की व्यास ६ मिलिमीटरने कमी होतो. ६५४ च्या टायरवर हे जवळजवळ १ टक्का झालं. पुढे झिजलेले आणि मागे नवे असले की पुढची-मागची चाकं कायम वेगवेगळ्या गतीने फिरतात. पुढच्या-मागच्या एक्सलमधला क्लच ते सतत सांभाळत तापतो, आणि इलेक्ट्रॉनिक्सला चाक घसरतंय असं वाटू शकतं. पुढे-मागे किती फरक चालतो ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा. तो ओलांडला असेल तर चारही टायर एकदम घेणं ड्राइव्हलाइनच्या (चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या भागांच्या) दुरुस्तीपेक्षा स्वस्तच पडतं.

विकत घेताना साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. जोडीतले दोन्ही टायर शक्यतो काही आठवड्यांच्या अंतरातले घ्या. ट्रेडवेअरच्या (टायर किती टिकेल हे सुचवणाऱ्या) आकड्यावरून दोन ब्रँडची तुलना मात्र करू नका. तो आकडा उत्पादक स्वतःच ठरवतो, आणि एकाचे ३०० दुसऱ्याच्या ३०० एवढेच टिकतील असं नाही.

बसवताना असममित नक्षीच्या टायरची ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर येते का आणि बाण असलेल्या टायरचा बाण पुढे फिरण्याच्या दिशेने आहे का, हे हवा भरण्याआधी पाहा. पिवळा ठिपका टायरचा हलका भाग दाखवतो. तो व्हॉल्व्हजवळ आणला की बॅलन्सिंगला कमी वजनं लागतात. व्हॉल्व्ह किंवा त्याचं सील नवं घाला. चाकाचे बोल्ट इम्पॅक्ट गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. आधी हाताने, मग एकाआड एक, आणि शेवटी टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत. ५० ते १०० किलोमीटरनंतर परत तपासा.

हवा दाराच्या चौकटीवरच्या आकड्याने सुरू करा, टायर थंड असताना. हवेचं तापमान १० अंशांनी बदललं की दाब साधारण ०.१ बारने बदलतो, म्हणून सावलीत तपासा. नव्या ब्रँडची साइडवॉल जुन्यापेक्षा मऊ असेल तर स्टिअरिंग ढिलं वाटतं. अशा वेळी ०.१ बार वाढवून पाहा, पण एका वेळी एकाच एक्सलवर, म्हणजे कशाने काय बदललं ते कळेल. टायर प्रेशर मॉनिटर रीसेट करायला विसरू नका.

पहिले ३०० किलोमीटर सांभाळून चालवा. साच्यातून सुटावा म्हणून लावलेला थर नव्या रबरवर असतो आणि तो झिजेपर्यंत पूर्ण पकड मिळत नाही. त्यानंतर मोकळ्या, ओल्या जागेत, कमी वेगात, मोठ्या वर्तुळात गाडी फिरवून वेग हळूहळू वाढवा. आधी पुढचा भाग बाहेर सरकू लागला तर जोडणी योग्य आहे. आधी मागचा भाग सुटू लागला तर हवा आणि अलाइनमेंट तपासून तेच वर्तुळ पुन्हा घ्या. तरीही मागचाच भाग आधी सुटत असेल तर पुढची शिल्लक जोडी काढा आणि मागच्यांसारखेच टायर पुढे लावा, काढलेल्या जोडीत अजून ४ मिलिमीटर उरले असले तरी.