दोऱ्याने मोजलेली अमेरिका

ताई न्यूयॉर्कहून यायची असली की आई एकदा तरी विचारतेच, "किती लांब रे ते?" मी मोबाइलमध्ये बघतो. एकीकडे साडेबारा हजार किलोमीटर, दुसरीकडे 7,800 मैल, तिसरीकडे पावणेसात हजार सागरी मैल. "म्हणजे नक्की किती?" या प्रश्नाला मोबाइलकडे उत्तर नसतं.

यंदा माळ्यावरून माझा शाळेतला पृथ्वीगोल काढला. दांडी वाकलेली, सोव्हिएत संघ अजून शाबूत. फुलपुडीचा दोरा घेऊन एक टोक मुंबईवर आईच्या अंगठ्याखाली दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर धरून ताणलं. भिंतीवरच्या नकाशात वाटतं, अरबस्तान, भूमध्य समुद्र, अटलांटिक असं सरळ पश्चिमेला जायचं. पण दोरा घसरत वर सरकला. कंदहार, मॉस्को, हेलसिंकी, आइसलँड, मग ग्रीनलँडच्या टोकाला चाटून खाली.

"एवढं उत्तरेला कशाला कडमडायचं?" आई म्हणाली.

"तोच जवळचा रस्ता."

तिचा विश्वास बसला नाही. तिने स्वतः दोरा खाली ओढून अरबस्तानावरून नेऊन पाहिला. तो न्यूयॉर्कपर्यंत पुरेना. मग गप्प बसली. दोरा पट्टीला लावला तर जेमतेम तीस सेंटीमीटर. "फूटभर तर आहे अमेरिका!"

विमान काही दोऱ्यावरून जात नाही म्हणा. 2022 पासून रशियाचं आकाश अमेरिकी विमानांना बंद, एप्रिल 2025 पासून पाकिस्तानचं आपल्या विमानांना. पृथ्वी गोल असली तरी वर कुंपणं आहेतच, आणि प्रत्येक वळशाला इंधन लागतं.

खरी गंमत वेळेची. ताई इथून जाते तेव्हा सोळा तास, येते तेव्हा साडेचौदा. "रस्ता तोच ना?" आईने मला खोट्यात काढलं. मग सांगावं लागलं, की दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक पट्टा वाहतो, हिवाळ्यात कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर. इकडे येताना तो पाठीशी, जाताना तोंडावर. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान याच वाऱ्यासाठी अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेलं. अंतर हजारावर किलोमीटरने वाढलं आणि वेळ मात्र घटला. लांबचा रस्ता लवकर पोचवतो, हे मला अजून नीट पचलेलं नाही.

आईला मात्र लगेच पटलं. "माहेरी येताना वारासुद्धा ढकलतो म्हण की," असं म्हणत ती दोरा बोटाला गुंडाळत राहिली. मग एकदम आठवण झाल्यासारखी म्हणाली, "आणि मुंबईहून पुण्याला यायला?"

"घाटात ट्रॅफिक नसेल तर चार तास."

"आणि असेल तर?"

मी पृथ्वीगोल परत माळ्यावर ठेवायला उठलो.